आतली हालचाल

तराजूच्या खोलीत फोन न्यायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. तो लोकांच्या डोक्यात बसवण्यात माझी निम्मी नोकरी गेली, आणि त्या दुपारी थरथरला तो माझ्याच खिशातला फोन. समोर काचेच्या पेटीतला नाजूक तराजू, एका पारड्यात तपासायला आलेलं पितळी वजन, दुसऱ्यात आमच्या खात्याचं प्रमाण वजन, आणि काटा डोलून डोलून आता कुठे शांत व्हायला आलेला. मी दचकलो, तोही दचकला. सगळी मेहनत पाण्यात. बाहेर येऊन बघतो तर आमच्या इमारतीचा वॉचमन. "साहेब, तुमची गाडी ओरडतेय. मघापासून. वरचे काका खाली यायला निघालेत, लवकर काहीतरी करा." आता मी कचेरीच्या बसनं येणार-जाणार माणूस. गाडी दिवसभर इमारतीच्या तळघरात उभी, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी काय करणार, कपाळ! घरी फोन लावला. "अगं, गाडी ओरडतेय म्हणे. जरा खाली जाऊन बघतेस का?" "हो का?" ही म्हणाली. "थांबा, बघते." आणि मग फोन न ठेवताच, "जेवलात का?" मी म्हणालो, हो. "भाजी खारट झाली होती का?" नाही. "तिकडे ऊन आहे?" मी खिडकीबाहेर बघितलं. आहे, म्हणालो. "इथे ढग आलेत," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "थांबली वाटतं गाडी." तिचा आवाज कोंडल्यासारखा येत होता, नेटवर्क नसेल. मी फोन बंद करून टेबलाच्या खणात टाकला आणि आत जाऊन पुन्हा श्वास रोखून काट्यापुढे बसलो.

श्वास रोखायचा म्हणजे खरोखरच रोखायचा. आमच्या तराजूला माणसाचा नुसता उच्छ्वाससुद्धा खपत नाही. खोलीत पंखा नाही, खिडकी नाही, दार उघडलं की वाऱ्याची झुळूक आत येऊन पुन्हा निवेपर्यंत हात बांधून थांबायचं. बाजारातल्या काट्यांची वजनं आमच्याकडे येतात, आम्ही ती खरी की खोटी ते सांगतो आणि शिक्का मारतो. इतकी वर्षं हेच केल्यामुळे माझ्या अंगात एक प्रकारचा सावकाशपणा मुरलाय. कप ठेवताना मी आवाज करत नाही, दार लोटताना बोटं मध्ये धरतो. लग्नानंतर नवं नवं होतं तेव्हा ही हसायची. "अहो, घरात तरी श्वास घ्या," म्हणायची. "इथे कोणी शिक्का मारायला बसलेलं नाही." पुढे तिनं हसायचं सोडलं. कधी सोडलं ते मला सांगता येणार नाही. असल्या गोष्टी काट्यावर दिसत नाहीत.

गाडीचं ओरडणं मात्र मग नेहमीचंच झालं. आठवड्यातून दोनदा, तीनदा, आणि नेमकं दुपारी. वॉचमनचा फोन आला की मी हिला फोन करायचा, ती "थांबा, बघते" म्हणायची, आणि तिनं बघेपर्यंत आमचं काहीतरी बोलणं व्हायचं. वॉचमन स्वतः खाली उतरत नसे, त्याच्या गुडघ्यांनी तळघराच्या उताराशी कायमची कट्टी घेतलेली. वरच्या मजल्यावरचे काका तर हृदयाचे दुखणेकरी. त्यांनी इमारतीच्या सभेत उभं राहून, मी एक दिवस या गाडीपायी जाणार, असं बजावून सांगितलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भोंगा हातात धरून त्यांच्या उशाशी बसतो. माझे नाकी नऊ आले. चार लोकांत आपल्यामुळे आवाज होतोय, यासारखी दुसरी लाज मला माहीत नाही. एकदा असाच फोन केलेला असताना, का कोण जाणे, मी हिला त्या सकाळची गोष्ट सांगितली. एक दुकानदार आला होता, त्याच्या पारड्याखाली लोहचुंबक निघालं, तर म्हणाला, साहेब, हे घरातल्या पोरांनी खेळताना चिकटवलं असणार, आणि पुढे स्वतःच म्हणाला, पण मला मूलबाळ नाही. ही हसली. हसता हसता तिला ठसका लागला. मला इतकं बरं वाटलं की मी आणखी काहीतरी आठवू लागलो, आणि मग लक्षात आलं, आपण फोन गाडीसाठी केलाय. "थांबली का?" मी विचारलं. "कोण?" ती म्हणाली. "हां, थांबली." आणि मी फोन ठेवला.

एरवी मी तिला फोन करत नाही. भांडण वगैरे काही नाही, पद्धतच तशी पडली. ही टेलिफोन ऑपरेटर होती, एका मोठ्या हॉस्पिटलात. बोर्डापुढे बसून दिवसभर लोकांना लोकांशी जोडून द्यायचं. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी हौसेनं तिला तिथे फोन केला, तर घरी आल्यावर तिनं माझी चांगलीच कानउघाडणी केली. "कामाशिवाय फोन करायचा नाही. लाईन अडते. तेवढ्यात कोणाचा जीव टांगणीला लागलेला असतो." मी कानाला खडा लावला आणि तो आजतागायत काढलेला नाही. तिच्या कामाची मला थोडी भीतीच वाटायची. पलीकडचा माणूस नुसता हॅलो म्हणाला की तो कुठे उभा आहे ते तिला कळायचं. जिन्यात आहे, रस्त्यावर आहे, नळ चालू ठेवून बोलतोय, बायको शेजारी उभी आहे. "माणसं खोटं बोलतात, त्यांच्या मागचे आवाज बोलत नाहीत," असं ती म्हणायची. मग हॉस्पिटलनं यंत्र आणलं. अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा. बोर्ड निघाला आणि बोर्डापुढच्या बायकाही निघाल्या. निरोप समारंभात तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते तिनं लावलं नाही. ते कपाटात आडवं पडून चालतं आणि दार उघडलं की टकटक करतं. मुलगी दूरदेशी असते, तिचे मेसेज येतात, फोटो येतात, आवाज येत नाही. संध्याकाळी मी घरी पोचतो तेव्हा ही टेबल पुसत असते. मुलगी काय म्हणते, विचारलं तर म्हणते, काय म्हणणार. मला वाटायचं, इतकी वर्षं बोलून बोलून तिचं तोंड दुखलं असेल, आता तिला शांतता आवडत असेल. खरं म्हणजे शांतता मला आवडते.

सभेनंतर मी एका माणसाला बोलावलं. गाड्यांच्या अलार्मची कामं करणारा, सगळे त्याला भोंगेवाला म्हणतात आणि त्याला ते आवडतं. कपाळावर गॉगल, तोंडाचा पट्टा सतत चालू. पहिल्या खेपेला त्यानं बॅटरी मोजली आणि नाक मुरडलं. बॅटरी अशक्त झाली तरी गाडी उगाच बोंबलते म्हणाला, पण ती ठीक निघाली. मग बॉनेटखालचं बटण, ते गंजलेलं होतं, ते बदललं. "झालं काम. आता वाजली तर मिशी काढीन." त्याला मिशी नव्हती. गाडी वाजली. दुसऱ्या खेपेला तो डॅशबोर्डखाली पाठीवर झोपला आणि धक्का ओळखणाऱ्या सेन्सरचा बारीक स्क्रू त्यानं उलटा फिरवला. "हा हळवा झाला होता. शेजारून ट्रक गेला तरी रडायचा. आता बुक्की मारली तरच उठेल." त्यानं तळव्यानं टपावर थापट्या मारून दाखवल्या आणि गाडी खरोखर गप्प राहिली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दुपारी पुन्हा वॉचमनचा फोन. मी हिला फोन केला. "अरे देवा," ती म्हणाली, "एवढे पैसे घालवून?" पण ते वाक्य तिनं ज्या सुरात म्हटलं, त्यात अरे देवा असं काही नव्हतं.

भोंगेवाला तिसऱ्यांदा आला तो जरा ओशाळून, म्हणजे त्याच्या मानानं. कामात हात न घालता तो गाडीत नुसता बसून राहिला आणि स्टिअरिंगजवळच्या लाल दिव्याकडे बघत राहिला. "हे मी आधीच करायला हवं होतं," म्हणाला. "शेवटचा भोंगा कोणामुळे वाजला ते हा दिवा सांगतो. एकदा लुकलुकला तर दार, दोनदा तर बॉनेट, तीनदा तर धक्का." दिवा चारदा लुकलुकला, थांबला, पुन्हा चारदा लुकलुकला. त्यानं मान वर करून छताच्या दिव्याशेजारच्या दोन बारीक जाळ्या दाखवल्या. "हे डोळे. गाडी लॉक झाली की हे आतली हालचाल बघतात. चार म्हणजे आतली हालचाल." उंदीर असेल, मी म्हणालो. त्यानं सीट हलवून बघितल्या, कुठे लेंडी नाही, कुरतडलेलं काही नाही. काच फट ठेवून उघडी नव्हती. आरशाला हलेल असं काही टांगलेलं नव्हतं. "साहेब, सेन्सर ठणठणीत आहे. हा खोटं बोलत नाहीये. आत कोणीतरी येऊन बसतंय. आणि नुसतं बसत नाही हां. रिमोटनं उघडलं, आत बसलं, दार लावलं, आणि आतूनच रिमोटनं लॉक केलं, तरच हे होतं. एकदा दिवे लुकलुकले की लॉक, दोनदा की उघडं, हे तर तुम्हाला माहीतच आहे. दुसरी चावी कोणाकडे असते?" दुसरी चावी दाराजवळच्या काचेच्या वाडग्यात असते. मी म्हणालो, हरवलीय. माझ्या तोंडून ते इतकं पटकन निघालं की मीच चपापलो. तो गेल्यावर मी गाडीत बसलो. ड्रायव्हरच्या शेजारची सीट दोन खाचा मागे सरकवलेली होती. आम्ही गाडी महिन्या-दोन महिन्यांतून बाहेर काढतो आणि सीट अशी कधी नसते. दाराच्या कप्प्यात संत्र्याची वाळलेली साल होती. मी ती नाकाशी धरली.

सांगायला शरम वाटते, पण पहिला विचार वाईट आला. मी मागची सीटसुद्धा तपासली. मग स्वतःवरच थुंकावंसं वाटलं. एका सीटवर एक बाई बसते आणि संत्रं खाते, यात दुसरं कोण असणार. पण मग का बसते? घर वर रिकामं आहे. चार खोल्या, चारही तिच्या. तळघरात उजेड नाही, पाण्याच्या टाकीच्या पंपाचा वास, समोर भिंत. तिथे जाऊन, आत बसून, आतून लॉक करून माणूस काय करत असेल? मला एकच उत्तर सुचलं आणि ते सुचलं तेव्हा मी हललोच. रडत असेल. माझी आई असंच करायची. आम्ही सहा माणसं दोन खोल्यांत राहायचो. दुपारी सगळ्यांचं आवरलं की ती न्हाणीघरात जाऊन कडी लावायची आणि नळ बारीक सोडायची. आत ती पालथ्या बादलीवर नुसती बसलेली असायची, हे मला दाराच्या फटीतून दिसलं होतं. हातात काही नाही, डोळे उघडे. एका दुपारी मी दार वाजवलं. काही हवं नव्हतं, उगाच वाजवलं. ती लगेच बाहेर आली. "काय रे, काय हवंय?" आणि त्यानंतर तिनं त्या दाराला दुपारी कधी कडी लावली नाही. त्या घरात तिची म्हणून तेवढीच जागा होती. ते मला खूप उशिरा कळलं, कळलं तेव्हा ती नव्हती. आता गाडीत बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, हे दार आपण वाजवायचं नाही. आणि भोंगा म्हणजे दार वाजवणंच की. ती बिचारी कोपऱ्यात जाऊन बसते, जरा हात हलवते, डोळे पुसते, आणि सगळी इमारत तिच्या नावानं ओरडायला लागते. वर मीही फोन करून विचारतो, बघतेस का. तिला काय वाटत असेल? मला तिची इतकी दया आली, आणि सगळं ओळखल्याचा असा काही अभिमान वाटला, की रात्री मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी भोंगेवाल्याला सांगितलं, ते डोळे काढून टाक. "अहो पण ते चांगले आहेत," तो म्हणाला. मी म्हणालो, तरी काढ. त्यानं वायर सोडवली, टेप गुंडाळली. "घ्या. आता आत नाचलात तरी गाडी हूं की चूं करणार नाही."

त्या संध्याकाळी जेवताना मी विषय काढला, अगदी सहज काढल्यासारखा. गाडी एकदाची ठीक झाली. "काय झालं होतं?" हिनं विचारलं. काही नाही गं, मी म्हणालो, एक सेन्सर जरा जास्तच हळवा होता. काढून टाकला. "काढूनच टाकला?" ती म्हणाली. तिच्या हातातला घास हातातच राहिला. माझी अपेक्षा होती की तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचं काहीतरी दिसेल, आणि मी मुद्दाम ताटात बघत राहिलो, तिला अवघडायला नको म्हणून. "आता मुळीच वाजणार नाही?" मुळीच नाही. "बरं झालं," ती म्हणाली. मग तिनं पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं. चोरून कोणाला काही दिल्यावर वाटतं तसं मला वाटत होतं. झोपताना मी तिच्याकडे बघितलं, ती भिंतीकडे तोंड करून होती.

पुढचे आठवडे शांततेत गेले. वरचे काका जिन्यात हसले. वॉचमननं सलाम ठोकला. कचेरीत मात्र माझं काही खरं नव्हतं. दुपार झाली की हात खिशाकडे जायचा. फोन मी आता चक्क तराजूच्या खोलीत नेत होतो, नियम गेला खड्ड्यात, आणि तो वाजत नव्हता. काटा झटकन स्थिर व्हायचा, वजनं खटाखट संपायची, आणि मग मी रिकाम्या पारड्यांपुढे बसून राहायचो. आता ती खाली बसली असेल. आता संत्रं सोलत असेल. रडत असेल का? पूर्वी निदान कळायचं, आता कळायलाही मार्ग नाही. घरी ती दिवसेंदिवस मुकी होत चालली. विचारलं तेवढ्याला उत्तर. एकदा मी म्हणालो, आज एक गंमत झाली, आणि सांगायला लागलो तर ती फोडणी करपेल म्हणून आत निघून गेली. तेव्हा गॅसवर काही नव्हतं. मला भीती वाटू लागली. साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती. आपण तिला एकांत दिलाय, हे मी स्वतःला समजावत होतो, आणि समजावता समजावता मला ऐकू येत होतं की माझा आवाज त्या दुकानदारासारखा येतोय.

मग एके दिवशी कचेरीतली वीज गेली. तराजूच्या खोलीत काळोख, साहेबांनी सगळ्यांना घरी सोडलं. भर दुपारी मी आमच्या इमारतीपाशी उतरलो आणि वर जायच्या ऐवजी पाय आपोआप उताराकडे वळले. वॉचमन पेंगत होता. तळघरात एकच दिवा जळत होता. आमची गाडी कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे. मी अलीकडच्या खांबाशी थांबलो. मागच्या काचेतून तिचं डोकं दिसत होतं, शेजारच्या सीटवर, केसांना नेहमीचा चाप. तर खरंच होतं. आता हलक्या पावलानं परत फिरायचं, असं मी ठरवलं. तेवढ्यात गाडीचे दिवे एकदा लुकलुकले. तिनं आतून लॉक केलं होतं. ती थोडा वेळ अगदी स्तब्ध बसली, गाडी सावध व्हायला लागतात तेवढे क्षण मोजत असावी. मग तिनं उजवा हात वर केला आणि छताजवळ, त्या दोन जाळ्यांसमोर, हलवला. काही झालं नाही. तिनं तो पुन्हा हलवला, जोरात. मग डावा. मग दोन्ही हात. निघालेल्या गाडीतल्या कोणालातरी निरोप देताना हलवतात तसे. आणि मग हात खाली घेऊन ती मांडीवर बघत राहिली. मांडीवरच्या फोनचा उजेड काचेवर पडला होता. थोड्या वेळानं तो विझला. तिनं तो पुन्हा लावला.

ती रडायला येत नव्हती. ती मला बोलवत होती. पहिल्यांदा चुकून झालं असेल, काही घ्यायला आली, आत बसली, लॉक झालं, गाडी ओरडली. आणि माझा फोन आला. कामाशिवाय न येणारा फोन. जेवलात का, तिकडे ऊन आहे का. तिचा नियम होता, तिचा बोर्ड गेला तरी मी तो सांभाळत बसलो, आणि तिनं त्यात ही एवढी फट शोधून काढली होती. ती मी स्वतःच्या हातानं, वर अभिमान बाळगून, टेप लावून बंद केली. तो सेन्सर काढल्याचं सांगितल्यावरही ती रोज येऊन हात हलवत होती, एखादे वेळी चालेल म्हणून. हाक मारावी असं वाटलं. काय म्हणून हाक मारू? मी वाकून गाडीच्या मागे गेलो आणि डिकीवर थाप मारली. भोंगेवाल्यानं काम चोख केलं होतं. पुन्हा मारली. मग मूठ आवळून, आयुष्यात कधी कशावर मारली नाही अशी बुक्की घातली, आणि गाडी ओरडली. त्या भिंतींमध्ये तो आवाज असा काही उसळला की कान बधिर झाले. ती दचकली, पण मागे वळली नाही. तिनं वर त्या जाळ्यांकडे बघितलं आणि हात छातीशी नेला. मी खांबामागे धावलो. नंबर लावला. तिच्या मांडीवर उजेड झाला आणि तिनं गाडी गप्प करण्याआधीच घाईनं फोन कानाला लावला.

"अगं," मी ओरडून म्हणालो, "गाडी ओरडतेय. जरा बघतेस का?"

"हो का?" तिचा आवाज कसाबसा ऐकू आला. "थांबा, बघ..." आणि ती थांबली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्या फोनमधून तिला तिचीच गाडी ऐकू जात होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाच्या मागे जो आवाज असूच शकत नाही, तो. आणि ही तर ती बाई, जिला माणूस जिन्यात आहे की रस्त्यावर, ते नुसत्या हॅलोवरून कळायचं. तिचं डोकं हललं नाही. गाडीचे दिवे दोनदा लुकलुकले आणि भोंगा थांबला. पंप घरघरत होता. तिनं मागे वळून बघितलं नाही, मीही खांबामागून हललो नाही. फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता, आणि माझा मी रोखून धरलेला.

"जेवलात का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि श्वास सोडला.